जखमेला गोड वास

सिस्टरने पट्टी सोडवली, जखमेवर वाकली आणि नाक जवळ नेलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

"गोड वास येतोय," ती म्हणाली.

"गोड म्हणजे बरंच की," सासूबाई म्हणाल्या. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पाय सिस्टरच्या मांडीवरच्या प्लास्टिकवर. त्या पायात त्यांना काही कळत नाही. साखरेने जाणीवच गेलीय. अंगठ्याखाली खडा रुतला तोसुद्धा चपलेत रक्त दिसल्यावर कळला.

"जखमेला वासच नको, आई. घाण वास आला तर निदान कळतं काय झालंय ते. एक जंतू असा असतो, तो गोड वास सोडतो."

"म्हणजे गोडबोल्या. आमच्या नात्यात आहेत दोघं-तिघं."

मी हसले, सिस्टर हसली नाही. तिने चिमट्याने जखमेच्या कडेवरून काहीतरी पांढरट खरवडलं आणि कापसावर घेऊन उजेडात धरलं. माझ्या कडेवरच्या ठमीने तो कापूस पकडायला हात पुढे केला. ठमी आमची लेक. तिला नुकतं रांगता यायला लागलंय, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू आपल्यासाठीच आहे अशी तिची खात्री आहे.

सिस्टर सोमवारी आणि गुरुवारी येते. ती ड्रेसिंग निवडते तेव्हा तिच्या पिशवीकडे बघत बसायला मला आवडतं. एका कप्प्यात स्पंजासारखे जाड फोम, एकात काळसर चांदीच्या जाळ्या, एकात थंडगार जेलच्या नळ्या. "जखम बघायची आणि तिला विचारायचं, तुला काय हवंय," असं तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "पाणी फार सुटत असेल तर पिऊन घेणारी पट्टी. कोरडी पडली असेल तर पाणी देणारी. जंतू असतील तर चांदीची. उगीच भारी म्हणून काही लावायचं नाही." हे ऐकून मला एकदम बरं वाटलं होतं. ठमी रडली की मीही असंच एकेक विचारते, भूक, झोप, ओलं.

पण गेले काही दिवस त्या जखमेचं उत्तरच जुळत नव्हतं. सोमवारी कोरडी दिसली म्हणून सिस्टरने जेल भरलं, तर गुरुवारी ती आणखी कोरडी. कडा टणक, पांढऱ्या, जुन्या टाचेसारख्या. आणखी जेल भरलं, तर सोमवारी जेल गायब आणि तळाशी पिठासारखा थर. आणि आता हा वास.

हात धुवायला ती मोरीकडे गेली तशी मीही मागे गेले.

"तुम्ही मध्ये पट्टी उघडता का?" तिने नळ चालू ठेवूनच विचारलं.

"नाही."

"घरचं काही लावता?"

"नाही हो."

"मला खरं सांगितलं तरी मी रागावणार नाही. बाळ लहान, झोप नाही, माणूस कंटाळतो. पट्टी ओली झाली, कोण सिस्टरची वाट बघतंय, म्हणून घरीच बदलली, असं होतं." ती नॅपकिनने एकेक बोट पुसत होती. "पण मी ड्रेसिंग निवडते ते समोर दिसतं त्यावरून. दिसतं तेच खोटं असेल तर माझी निवडही खोटी. आज मी चांदीची लावलीय. वास गेला नाही तर मला डॉक्टरांना कळवावं लागेल की जंतू आत चाललेत. मग ते अंगठा ठेवणार नाहीत."

अंगठ्याचं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत जखम सुकायला लागली नाही तर अंगठा काढायचा. अंगठा गेला की तोल जातो, तोल गेला की दुसरीकडे भार, मग तिथे जखम. डॉक्टर हे सगळं टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत म्हणाले होते. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. सासरे मात्र डॉक्टरांचं बोलून झाल्याबरोबर रिक्षा बघायला उठून गेले होते.

सिस्टर गेली. तिला माझा संशय होता, हे मला नीट कळलं. खरं सांगायचं तर मी तिच्या जागी असते तर मलाही माझाच आला असता.

*

गोड वास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आलं. माझी नणंद.

नणंदेचं पार्लर आहे, दोन गल्ल्या सोडून. ती आली की तिच्या आधी तिचा वास आत येतो. गुलाब, बदाम, कसलंसं फळ, आणि त्याखाली केस जळल्याचा. मागच्या आठवड्यात ती एक चपटी डबी घेऊन आली होती. आत गुलाबी मलम. "माझ्या एका कस्टमरच्या काकांचा पाय काळा पडला होता, ह्याने तुकतुकीत झाला," म्हणाली. मी डबी घेऊन कपाटात ठेवली आणि सिस्टरला विचारते म्हटलं. तेव्हा तिचा चेहरा पडला होता. तिच्याकडे दुसरी डबी नसेल कशावरून?

माझा नवरा लांबच्या गाड्या चालवतो. घरी आला की आंघोळ, जेवण आणि झोप. त्याच्या बहिणीबद्दल त्याला काही सांगायचं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कानात माशी सोडायची. म्हणून मीच ठरवलं.

नणंद दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. मी तिला पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, आईंच्या पायाला तुम्ही कधी काही लावलं नाही ना?"

"लावलं असतं तर एव्हाना बरा झाला नसता?"

"तसं नाही, सिस्टर म्हणत होती, गोड वास येतोय."

"मग?" तिने ग्लास खाली ठेवला. "गोड वास म्हणजे मी? आणि कडू वास आला तर कोण, वहिनी?"

"मी फक्त विचारलं."

"विचारलं कसलं, चौकशी बसवलीस. सून घरात आल्यापासून आईचा पाय बिघडला, असं मी म्हटलंय का कधी?"

"आत्ता म्हटलंत."

ती ठमीला उचलून तिचे पापे घेत म्हणाली, "तुझी आई पोलिसात जायला हवी होती गं. तिथे निदान पगार मिळाला असता."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "भांडणार असाल तर इकडे येऊन भांडा. मला उठता येत नाही."

नणंद आत गेली. मी दाराशी उभी राहिले, ठमीचा टॉवेल घडी करतेय असं दाखवत. तो टॉवेल मी इतक्या वेळा उलगडून पुन्हा घडी केला की शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, सुरकुत्या दमल्या त्याच्या." नणंदेने पायाला हात लावला नाही. पण मी नसताना?

पुढच्या खेपेला मी माझा संशय सिस्टरला सांगितला. तिच्या चेहऱ्यावर दिसलं की तिला अर्धाच पटला. वास अजून होता. पण डॉक्टरांना फोन करायच्या आधी तिने पिशवीतून एक निळं पेन काढलं. नवी पट्टी चिकटवून झाली तशी चिकटपट्टीवरून निघून थेट कातडीवर उतरणारी एक रेघ ओढली. "कोणी उचलली आणि परत लावली तर रेघ जुळणार नाही. कितीही जपून लावा. डॉक्टरांना मी दोन दिवसांनी सांगते. तेवढं बघा."

तेवढं बघा, म्हणजे माझ्यावर सोपवलं की मला अडकवलं, ते मला कळेना.

*

त्या दोन दिवसांत नणंद आली नाही. ती कसल्याशा नव्या मशीनचं शिकायला परगावी गेली होती. तिकडून सासूबाईंना फोटो पाठवत होती, म्हणजे खरंच गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंचे पाय पुसायच्या निमित्ताने बसले. रेघ बघितली. कातडीवरचा तुकडा आणि पट्टीवरचा तुकडा एकमेकांपासून बोटभर सरकलेले. भाजीवाल्याच्या तराजूसारखे, एक वर एक खाली.

"काय बघतेस एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. सूज आहे का बघतेय."

"आहे का?"

"नाही."

"मग तोंड का सुजलंय तुझं?"

तेवढ्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं. अगदी लहान, नेटकं, त्रिकोणी. सिस्टर टोक कधी दुमडत नाही. ती अंगठ्याने घासून सपाट करते, इतकं सपाट की काढताना नखं लागतात.

असं टोक आमच्या घरात सगळीकडे आहे. बिस्किटांच्या उघड्या पुड्यावर आहे. रिमोटच्या मागच्या झाकणावर आहे. सासरे एका मोठ्या गोदामात पॅकिंगला होते. पुढच्या माणसाला नखाने टोक शोधत बसायला लागू नये, म्हणून चिकटपट्टी लावली की टोक दुमडायचं, ही त्यांची शिस्त. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, बोटं अजून ड्युटीवर आहेत.

मी ठमीला घेऊन आमच्या खोलीत आले. सासरे? बाबा? पायाचं नुसतं नाव काढलं तरी पेपर तोंडासमोर धरणारा माणूस. आणि त्यांना विचारणार कसं? आमचं बोलणं म्हणजे चहा ठेवू का, गोळी घेतलीत का, ठमी झोपली का. त्यापलीकडचं वाक्य दोघांपैकी कोणालाच पाठ नाही. मग उलटाही संशय आला. कोणी मुद्दाम तसं टोक दुमडलं असेल तर? म्हणजे मला काय वाटत होतं, नणंद परगावहून येऊन टोक दुमडून गेली? एकदा संशय घ्यायला लागलं की माणूस तर्कालाही घरात घेत नाही.

ठमीला झोप येत होती. ती माझ्या खांद्यावर डोकं घासायला लागली. मी सवयीने तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं. मी दिवसातून कितीदा तरी असं करते. सुटीचा एवढाच प्रकार आहे माझ्याकडे.

गोड वास.

मी पुन्हा हुंगलं. दूध, घाम आणि पावडर. टेबलावरचा पावडरचा डबा उचलला. मी तो नुकताच फोडला होता, आणि तो हाताला जवळजवळ रिकामा लागला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठमीला घेऊन आडवी झाले, दार पुढे ढकललं आणि झोपले नाही. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी आपणहून झोप सोडली. ठमीने मात्र दगा दिला नाही, लगेच झोपली.

सासऱ्यांच्या सपाता वाजल्या. मोरीत नळ बराच वेळ वाहिला. सपाता परत गेल्या. मग आमचं दार बोटभर उघडलं. मी डोळे मिटले. पावडरचा डबा टेबलावरून उचलल्याचा आवाज झाला नाही, इतका जपून उचलला होता. दार लागलं.

मी अनवाणी मागच्या खोलीपर्यंत गेले.

खिडकीतून उन्हाचा पट्टा आत येत होता. सासरे ठमीच्या आंघोळीच्या बुटक्या स्टुलावर बसले होते आणि सासूबाईंचा पाय त्यांच्या मांडीवर होता, त्या उन्हात. मांडीवर धुतलेलं दुपटं. पट्टी सुटून बाजूला, टोक वर करून ठेवलेली. ते मऊ फडक्याने जखमेतली ओल टिपत होते, अगदी हलके, मग पेपरची घडी करून वारा घालत होते. मग डबा उघडून त्यांनी दोन बोटांनी कडेकडेने पावडर पेरली.

"झालं का?" सासूबाईंनी विचारलं. त्या जाग्या होत्या.

"थांब जरा. अजून ओलं आहे."

"बाबा," मी म्हणाले.

त्यांच्या हातातला डबा कलंडला. खोलीभर ठमीचा वास पसरला.

मग सासऱ्यांनी पाय तसाच धरून ठेवून, माझ्याकडे न बघता सुरुवात केली.

"डॉक्टर काय म्हणाले? सुकली नाही तर अंगठा काढणार. सुकली पाहिजे. बरोबर? आणि ती तुमची सिस्टर येते आणि दर वेळी चांगली सुकत आलेली जखम ओली करून जाते. चिकट पाणी भरते आत. ओली राहिली तर ती येत राहणार. मला सगळं कळतं. मी काय आज जन्मलो नाही."

"अहो बाबा, सुकली म्हणजे बरी झाली. तसं म्हणायची पद्धत आहे. डॉक्टरांना कोरडी म्हणायचं नव्हतं."

"मग कोरडी म्हणायचं असेल तर काय म्हणतात?"

आपण बाळाचं अंग कोरडं करतो, कपडे सुकवतो, आणि जखम? जखमही सुकते. दुसरा शब्द शोधला तर सापडेना.

"आणि तूच सांगितलं होतंस," ते पुढे म्हणाले. आता आवाज बारीक झाला होता. "ठमीच्या बेंबीला. मी तेल लाव म्हटलं तर तू म्हणालीस, काही लावायचं नाही बाबा, कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची, आपोआप सुकून पडेल. मला खरं वाटलं नव्हतं. पण पडली. स्वच्छ पडली. मग मी म्हटलं, पोरीला कळतं. पावडर तेवढी माझी."

बेंबीचं मी खरंच सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण नाळेचा तो तुकडा मरून गळून पडायचा असतो आणि पायाचा अंगठा राहायचा असतो, हे सासऱ्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं? मी तोंड उघडलं तेवढ्यात ठमी रडली. मी गेले. परत आले तेव्हा पट्टी जागेवर होती, टोक दुमडलेलं, आणि सासरे बाहेर निघून गेले होते.

मी सिस्टरला फोन केला. "हात लावू नका, मी येते," ती म्हणाली. एवढंच. "मग तुम्ही नव्हता तर" हे ती म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं.

*

सिस्टर येईपर्यंत मी सासूबाईंजवळ बसले. ठमी खाली सांडलेल्या पावडरीत तळवे उमटवत होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पायाला कळत नाही म्हणून मलाही कळत नाही असं वाटलं तुला?"

"मग बोलला का नाहीत? अंगठा जाईल, आई."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझा हात धरला तो रस्ता ओलांडताना. तोही मनगटाला. पार्सल उचलल्यासारखा." मग हसल्या. "आणि आता रोज दुपारी पाय धरून बसतो. मी म्हटलं, धरू दे. लोक पाय धरतात ते माफी मागायला. काय काय मागायचं राहिलंय ते मागून होऊ दे."

मला हसूही आलं आणि रडूही. मी हसले, कारण ते लवकर संपतं.

"पण आई, कोरडी करून ती बरी होणार नाही. मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

मी दाराकडे बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. मग मी त्यांना सांगितलं. ठमी जन्मली तेव्हा पाजून पाजून मला चिरा पडल्या होत्या. मी त्या पुसून कोरड्या करायचे, पंख्याखाली बसायचे, आणि ठमीने तोंड लावलं की खपली निघून परत रक्त. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, कोरडं करू नकोस. पाजून झालं की दुधाचाच थेंब लाव आणि मऊ राहू दे. ओलसर ठेवल्या तेव्हा त्या भरून आल्या.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, पंख्याखाली बस."

"म्हणाले असते," त्यांनी मान्य केलं. जरा विचार केला. "हे त्यांना पटेल."

"आई, हे त्यांना कसं सांगणार? मी नाही सांगणार."

"तू कशाला सांगतेस? मी आहे ना. त्यांना हाक मार आणि दार लावून घे."

मी स्वयंपाकघरात जाऊन नको तेवढी भांडी घासली. ठमीही मधल्या बंद दाराशी रांगत गेली आणि त्याच्यावर हात आपटत बसली. आतून सासूबाईंचा खालचा आवाज येत होता. सासऱ्यांचा एकदाच आला, "काय बोलतेस तू हे," आणि पुन्हा आला नाही.

दार उघडलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी ठमीला उचलून मला दिलं, माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत. मग पावडरचा डबा घेतला आणि कपाटावर इतक्या वर ठेवला की आता मला स्टूल घ्यावं लागतं. त्या दिवशी त्यांनी चहाही माझ्याकडे मागितला नाही, स्वतः करून घेतला. मला त्यांचा राग आला नाही. आमच्या पाठ वाक्यांत एकदम फार मोठं वाक्य येऊन पडलं होतं.

*

सिस्टरने जखम खाऱ्या पाण्याने धुतली. पुन्हा धुतली. पावडरीचा थर सुटून आला तसा वासही गेला. ती वाकून हुंगत होती, तिच्यामागे सासरे भिंतीला टेकून उभे, हाताची घडी घालून. त्यांचा तिच्यावरचा संशय अजून गेला नव्हता, उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"आता खरी जखम दिसतेय," सिस्टर म्हणाली. "चांदीची गरज नाही. कडा मऊ व्हायला हव्यात. थोडं जेल, वर फोम."

"परत ओलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"परत ओलं. पण पाणथळ नाही. फोम जास्तीचं पिऊन घेतो." ती वळली. "बाबा, नवी कातडी कडेने येते. उडत येत नाही, रांगत येते. मऊ, ओलसर जागा असली तर सरकते. खपलीवर तिला रांगता येत नाही, तिला खालून वाट काढावी लागते, त्यात ताकद संपते."

सासऱ्यांनी खाली बघितलं. ठमी जमिनीवर रांगत होती. पुढे खरखरीत पायपुसणं आलं तशी ती थांबली, गुडघा उचलला, कुरकुरली आणि वळसा घालून फरशीवरूनच गेली.

"हं," सासरे म्हणाले. आमच्या घरात हा मोठा होकार असतो.

"आणि तुम्ही टोक दुमडलं होतंत ना पट्टीचं," सिस्टर म्हणाली, "ते मात्र चांगलं आहे. आईंची कातडी पातळ झालीय, नखं लावून मलाच भीती वाटते. या म्हटलं की या आणि टोक दुमडून द्या. मी असताना. मी नसताना नाही."

तिने निळ्या पेनने नवी रेघ ओढली आणि पेन माझ्याकडे न देता पिशवीत ठेवलं. मी ते पाहिलं. तिचाही संशय पुरता गेला नव्हता.

मग तपासणीचा दिवस आला. सासूबाई खास चपलेत, भार टाचेवर टाकत, माझ्या खांद्याला धरून. ठमी नणंदेकडे ठेवली होती. तिने ती घेतली आणि म्हणाली, "वहिनी, हिला परत घेताना हुंगून घे. माझा वास लागला तर माझ्यावर नाव येईल." मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी नको, फेशियलला ये. तोंड बघ."

डॉक्टरांनी पट्टी उलगडायच्या आधीच, फाइल चाळत विचारलं, "काय, सुकतेय का?"

मी बोलणार तेवढ्यात सासरे पुढे झाले. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"नाही," ते म्हणाले. "ओली आहे. चांगली ओली ठेवलीय."

डॉक्टरांनी फाइलमधून डोकं वर काढलं. मग वाकून पाय बघितला. बराच वेळ बघितला. सळईने तळ चाचपला, कडा दाबल्या. तळ लाल झाला होता, टरबुजासारखा, आणि कडेने गुलाबीसर पातळ पापुद्रा आत सरकत होता. सासूबाई सगळा वेळ छताकडे बघत होत्या. त्यांना त्यांच्या पायाची बातमी आमच्या चेहऱ्यांवरूनच कळते, आणि त्यांना आमचे चेहरे बघायचे नव्हते.

"भरतेय," डॉक्टर म्हणाले. "हाड शाबूत आहे. सध्या अंगठा राहू दे."

"सध्या म्हणजे?" सासऱ्यांनी लगेच विचारलं.

"सध्या म्हणजे असंच चालू ठेवा आणि परत दाखवा."

घरी येताना रिक्षात सासरे तेच चघळत होते. सध्या म्हणजे काय, माणसाने सरळ बोलावं, ह्या लोकांना शब्द नीट वापरता येत नाहीत. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "भरतेय म्हणाले ते ऐकलंत का? का त्याचाही दुसरा अर्थ काढून मला पोत्यात भरताय?"

दुपारी मी ठमीला निजवून पाणी प्यायला उठले. मागच्या खोलीत उन्हाचा पट्टा होता आणि त्यात ते दोघं, तसेच. बुटकं स्टूल, दुपटं, मांडीवर पाय. मी दारात थांबले. पट्टी बंद होती, टोक दुमडलेलं. सासरे चष्मा नाकावर घेऊन त्या निळ्या रेघेवर वाकले होते.

"जुळतेय का ते बघतोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "घरात कोण कधी काय करेल, भरवसा नाही. रोज बघायला हवं."

सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. "बघा," त्या म्हणाल्या. "नीट बघा. घाई नाही."